मदत हवी आहे: फौंड्रीतली नोकरी सोडून घरच्या चपलांच्या कामात यायचंय, पण धाडस होईना

नमस्कार मंडळी, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटीला आहे, पगार वेळेवर होतोय, पीएफ आहे, तक्रार काय नाही पण मन रमत नाही. आमच्या घरात कोल्हापुरी चप्पल बनवायचं काम आहे, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, सगळं हातानं, चपलेची कातडी वेणी घालायला आईकडनं शिकलोय आणि ते करताना वेळ कसा जातोय कळत नाही. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला जीआय मानांकन (त्या भागातल्याच मालाला ते नाव, अशी सरकारी ओळख) मिळालंय, ऑनलाइन बाहेरचं गिऱ्हाईक मिळू शकतंय, डोक्याला सगळं पटतंय ओ, पण राजीनामा लिहायला बसलं की हात चालत नाही. घराचा हप्ता आहे, पोरगी यंदा शाळेत जाणार, आणि पावसाळ्यात चपलेला उठाव नसतोय हे लहानपणापासनं बघितलंय. बाबा म्हणतात, तुला शिकवलं ते परत ह्यातच यायला काय.

पस्तिशीनंतर असा निर्णय घेतलेल्यांनी प्लीज सांगा, आधी किती महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलासा? सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं चालू करून जमतंय, का दोन्हीकडं लक्ष राहत नाही? बायकोची तयारी आहे, माझीच होईना. नुसतं "धाडस कर" नको, तुम्ही खरं काय केलं ते लिहा.