ओहायोच्या स्टेटहाऊसमध्ये स्वसंरक्षणाच्या बिलावर बोलायचं आहे, तयारी कशी करू?

डेटनकर

नमस्कार मंडळी. डेटनच्या उत्तरेला माझं छोटं गॅस स्टेशन आहे, रात्री बारापर्यंत उघडं असतं. शेवटचे दोन तास मी एकटाच असतो. नागरिकत्व मिळाल्यावर आठ तासांचा कोर्स करून पिस्तूल बाळगायचं लायसन्स काढलं. आता परवाना लागत नाही हे माहीत आहे, पण शिकायचं होतं. नेमबाजीच्या रेंजवर ओळख झालेली काही माणसं स्वसंरक्षणाच्या कायद्यांसाठी धडपडतात. कोलंबसला स्टेटहाऊसमध्ये, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, एका बिलावर कमिटीची सुनावणी आहे, तर 'दुकानदार म्हणून तू बोल' असा त्यांचा आग्रह आहे.

मला जायचं आहे. पण माझ्यासारख्याचं, माझ्या उच्चारातलं कोण ऐकून घेणार? लिहू काय, राज्यघटनेपासून सुरू करू का? मेहुणा एच-वन-बी वर आहे, तोही येतो म्हणतोय. बायकोचं म्हणणं, आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर पत्र घेऊन जा. कुणी हे केलं असेल तर सांगा.

लिमाची काकू

जा. अडखळलात तरी चालेल, पण जा. मी 2018 साली स्वसंरक्षणाच्याच हाऊस बिल 228 साठी गेले होते, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

लिमाजवळ आय-75 हायवेला लागून आमचं मोटेल होतं. पुढे ऑफिस, मागे आमची राहायची जागा, मध्ये एक दार. 2016 च्या फेब्रुवारीत पहाटे पावणेतीनला एक जण ऑफिसची काच फोडून आत शिरला, हातात लोखंडी दांडा. हे भारतात गेले होते. मी ड्रॉवरमधलं पिस्तूल काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले. तो दांडा उगारून दोन पावलं पुढे आला, थांबला, आणि आला तसा फुटक्या काचेतून निघून गेला. गोळी झाडावी लागली नाही. पोलिसांच्या गाडीचे दिवे दिसल्यावर पिस्तूल काउंटरवर ठेवून हात वर केले, तेव्हा कळलं की मी काचेच्या चुऱ्यात अनवाणी उभी आहे.

महिन्याभरानं एका वकिलांना सहज विचारलं, झाडली असती तर? ते म्हणाले, तर स्वसंरक्षण होतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागलं असतं. सरकारला नाही, तुम्हाला. 2008 पासून घरात आणि गाडीत घुसलेल्या माणसाविरुद्ध कायदा तुमच्या बाजूनं गृहीत धरून चालतो, पण तुमचं ऑफिस हे घर की दुकान, यावरच आधी वाद झाला असता. मला हे खरंच वाटेना. आरोप त्यांनी करायचा आणि पुरावा मी द्यायचा? पण तसंच होतं. 1987 साली मार्टिन विरुद्ध ओहायो या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 मतांनी ओहायोचा तो नियम घटनेत बसतो असं ठरवलं होतं. त्यातली आरोपी होती नवऱ्याची मारहाण सोसणारी एक बाई. 2018 पर्यंत बाकी सगळ्या राज्यांनी हे ओझं सरकारी वकिलावर टाकलं होतं, एकटं ओहायो मागे राहिलं होतं.

म्हणून सांगते, राज्यघटनेपासून सुरू करू नका. घटना त्यांना पाठ असते. बिल काढा आणि वाचा. नवे शब्द अधोरेखित असतात, वगळायचे शब्द खोडलेले असतात, त्यामुळे वकील नसलेल्यालाही नेमकं काय बदलतंय ते दिसतं. तुम्ही पोस्टमध्ये बिलाचा नंबरच दिलेला नाही, यावरून वाटतं की अजून वाचलं नसावं. आधी ते करा. मग तुमच्या धंद्यावर ज्या एका वाक्याचा परिणाम होणार आहे ते धरा आणि तुमच्या त्या दोन तासांबद्दल बोला. तसं बोलणारा त्या खोलीत दुसरा कुणी नसेल.

साक्ष आदल्या दिवशीच लेखी पाठवून ठेवा, कमिटीच्या अध्यक्षांच्या ऑफिसला. सोबत विटनेस स्लिप भरायची असते, त्यात तुम्ही बाजूनं आहात, विरोधात की नुसतं मत मांडताय ते लिहायचं. बोलायला वेळ थोडा मिळतो. मी दोन पानं लिहून नेली होती, निम्मीच वाचून झाली. खरी परीक्षा त्यानंतर असते, प्रश्नांची.

एका सदस्यांनी मला विचारलं, "मागे दार होतं ना? तुम्ही त्या दारानं निघून का नाही गेलात?" रागानं नाही, शांतपणे विचारलं. मी म्हटलं, "होतं. त्या दारामागे माझा अकरा वर्षांचा मुलगा झोपला होता." त्यांनी चष्मा काढला, माझ्या लेखी साक्षीच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. मी मुलाचा उल्लेख लिहून नेलेल्या भाषणात केलाच नव्हता. का नव्हता केला, याचं मला आजही वाईट वाटतं. मी न्यायालयाचे निकाल पाठ करत बसले होते. तुम्ही ती चूक करू नका.

सुरुवातीला त्या बिलात माघार घेण्याची, म्हणजे निघून जाता येत असेल तर आधी निघून जाण्याची, सक्ती काढून टाकायची तरतूद होती. सिनेटमध्ये ती गळली. पुराव्याचं ओझं सरकारकडे नेण्याची राहिली. गव्हर्नर केसिक यांनी तेवढ्यावरही व्हेटो वापरला. व्हेटो मोडायला तीन-पंचमांश मतं लागतात, म्हणजे हाऊसच्या 99 पैकी 60 आणि सिनेटच्या 33 पैकी 20. आम्ही ख्रिसमसच्या आठवड्यात फोनला चिकटून होतो. 27 डिसेंबरला दोन्ही सभागृहांनी व्हेटो मोडला आणि 28 मार्च 2019 ला कायदा लागू झाला. आता स्वसंरक्षणाला आधार देणारा काही पुरावा पुढे आला, की ते स्वसंरक्षण नव्हतं हे सरकारी वकिलालाच निःसंशय सिद्ध करावं लागतं.

मंडळाचं लेटरहेड नको. मंडळात दोन्ही मतांची माणसं असतात, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या नावानं बोलणं बरोबर नाही. तुमच्या दुकानाचं नाव आणि तुमचा मतदारसंघ पुरेसा आहे. तुमच्या स्वतःच्या प्रतिनिधीला वेगळा फोन जरूर करा.

क्लीव्हलँडकर

मेहुण्याबद्दल लिहितो, कारण यात लोक खरोखर अडकतात. एच-वन-बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या बाळगायला केंद्राच्या कायद्यानं मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर नाही म्हणजे नाही. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही. तेव्हा 'रेंजवर जरा हातात धरून बघ' असं त्याला गमतीतही म्हणू नका. कमिटीपुढे बोलायला नागरिकत्व लागत नाही, तो खुशाल येऊ दे. फक्त उमेदवारांना देणगी त्यानं द्यायची नाही, ती परदेशी नागरिकांना बंद आहे.

आणि चिकाटीबद्दल. 2004 च्या आधी इथे पिस्तूल कपड्यांखाली बाळगलं तर आधी अटक व्हायची, कारण पटवायचं ते नंतर कोर्टात. 2003 मध्ये ओहायोच्या सुप्रीम कोर्टानं ती बंदी वैध ठरवली, पण उघडपणे बाळगायला बंदी नव्हती. मग साध्या लोकांनी कमरेला उघड पिस्तूल लावून रस्त्यांवरून शांतपणे फेऱ्या काढल्या. पुढच्याच वर्षी परवान्याचा कायदा झाला. या फेऱ्या काढणारे तुमच्या रेंजवरच्या माणसांसारखेच होते.

ओकवुडची

मी विरोधातली आहे, तरी लिहिते. 4 ऑगस्ट 2019 ला मध्यरात्रीनंतर आपल्या डेटनच्या ओरेगन डिस्ट्रिक्टमध्ये गोळीबारात नऊ माणसं गेली. पोलिसांनी हल्लेखोराला अर्ध्या मिनिटात संपवलं, तरी नऊ. माझी मुलगी आदल्या संध्याकाळी त्याच रस्त्यावर जेवायला गेली होती, तासभर आधी घरी आली. त्याच दिवशी संध्याकाळी झालेल्या शोकसभेत लोक गव्हर्नर डिवाइन यांना 'काहीतरी करा' म्हणून ओरडत होते. दीड वर्षानं त्यांनी सही केली ती माघारीची सक्ती काढणाऱ्या कायद्यावर.

डेटनकर, आपला मुलगा पत्ता चुकून रात्री दुसऱ्याच्या दारात उभा राहिला आणि आतल्या माणसाला त्याचा रंग बघून भीती वाटली तर? याचं उत्तर तुमच्या साक्षीत असू दे.

लिमाची काकू

ताई, तुमचा प्रश्न खरा आहे आणि मीही एक आई आहे. नुसती भीती पुरत नाही. भांडण तुम्ही उकरलेलं नसावं, आणि जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल हे वाटणं वाजवी असावं, हे निकष कायद्यात अजून आहेत. बेल वाजवणाऱ्या पोरावर गोळी झाडणारा त्यात बसत नाही. सरकारी वकिलानं ते सिद्ध करावं आणि त्याला तुरुंगात पाठवावं, मी स्वतः त्या बाजूनं साक्ष द्यायला येईन.

माघारीची सक्ती काढणारा तो कायदा म्हणजे सिनेट बिल 175, त्याबद्दल एक गोष्ट मलाही मान्य आहे. ते मुळात ना-नफा संस्थांच्या दायित्वाचं बिल होतं. माघारीची तरतूद डिसेंबर 2020 च्या शेवटच्या दिवसांत त्याला जोडली गेली. तरतूद मला हवीच होती, पण तुमच्यासारख्यांना तिच्यावर बोलायची नीट संधी मिळाली नाही हे मला पटलं नव्हतं, आणि मी आमच्या प्रतिनिधींना तसं पत्र लिहिलं होतं. डेटनकर, म्हणून सुनावणी झाली की घरी जाऊन विसरू नका, बिलात रोज काय घुसतंय ते बघत राहा.

डेटनकर

काकू, बिल काल रात्री दुकानात बसून वाचलं. तुम्ही म्हणता तसं एक अधोरेखित वाक्य सापडलं, दोनदा वाचलं. ओकवुडच्या ताईंचा प्रश्न साक्षीच्या दुसऱ्या परिच्छेदात घेतलाय, माझाही मुलगा पंधरा वर्षांचा आहे. मेहुणा गाडी चालवणार आहे. तिथे पार्किंग कुठे मिळतं?

लिमाची काकू

स्टेटहाऊसच्या खालीच गॅरेज आहे. पिस्तूल घरी ठेवून या, इमारतीत चालत नाही. साक्षीच्या चार-पाच प्रती हातात असू द्या, आणि बोलून झालं की इथे लिहा, कोणी काय विचारलं ते.