'आरोपीचं वकीलपत्र कुणीच घेऊ नये' म्हणणाऱ्यांसाठी

कारकून_अण्णा, बेळगाव
काल तीन ग्रुपवर एकच पोस्ट आली. "मुलींचे फोटो-व्हिडिओ व्हायरल करणाऱ्याचं वकीलपत्र बेळगाव, खानापूर, निपाणीत एकाही वकिलानं घेऊ नये, बारनं (वकिलांच्या संघटनेनं) ठराव करावा, डायरेक्ट हिंडलगा जेल." खाली सगळ्यांचे अंगठे. मी वकिलांकडे कारकून म्हणून १९ वर्षं काढली, मला हे वाचून राहवलं नाही.

असा ठराव करताच येत नाही ओ. २०१० मध्ये तामिळनाडूच्या मोहम्मद रफी केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बारचे असले ठराव रद्दबातल आहेत. घटनेच्या कलम २२ मध्ये आपल्या पसंतीचा वकील हा हक्कच आहे, आणि ज्याला परवडत नाही त्याला कोर्ट सरकारी खर्चानं वकील देतं. वकीलच दिला नाही तर उद्या शिक्षा लागली तरी हायकोर्टाच्या धारवाड बेंचला अपिलात ती उडते, मग त्या मुलीनं परत पहिल्यापासून सगळं सांगायचं का?

दुसरं, असल्या केसेस कागदावर उभ्या असतात. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून फाईलला लावली म्हणजे पुरावा झाला असं नाही. पूर्वी जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं, म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरमधल्या पुराव्याचं, सर्टिफिकेट लागायचं, ते सक्तीचं आहे हे २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल केसमध्ये पक्कं झालं, आपल्या जालन्याच्या निवडणुकीचीच केस ती. आता नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू (फाईल बदलली की बदलणारा, ठशासारखा आकडा) लिहावी लागते, तज्ज्ञाची सही लागते. समोर वकील उभा असला की पोलीस हे नीट करतात. नसला की ढिलाई.

खानापूरची_लेक
अण्णा, तुमचं कायद्याचं बरोबर असेल, खरं तुमच्या घरातल्या मुलीवर आलं नाही म्हणून एवढं शांत लिहिताय. माझी भाची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या मुलानं फोटो चार ग्रुपवर टाकले. आम्ही स्टेशनला गेलो आणि त्याला त्याच संध्याकाळी जामीन! तो घरी पोचला तेव्हा आम्ही अजून बाकड्यावर बसलेलो. वर भाचीचाच मोबाईल पुराव्याला म्हणून घेतला, खाकी पाकिटात घालून लाख लावली, तीन वर्षं झाली अजून मिळाला नाही. आणि कोर्टात त्याच्या वकिलानं काय विचारावं, "फोटो तूच दिलेस ना?" तिच्या वडिलांसमोर. ती रात्रभर बोलली नाही. असल्या वकिलाचा हक्क मला सांगू नका.

कारकून_अण्णा
ताई, वाईट वाटलं वाचून, मनापासून. जामिनाचं मात्र त्याच्या वकिलानं केलं नाही, कलमानं केलं. आयटी कायद्याचं ६७ (अश्लील मजकूर पसरवणं) एकटं लावलं तर पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षं, म्हणजे जामीनपात्र. ६६ई (खाजगी अंगाचे फोटो संमतीशिवाय काढणं-पसरवणं) पण तसंच. ६७ए (उघड लैंगिक कृत्याचे फोटो-व्हिडिओ) लावलं असतं तर पाच वर्षं आणि दहा लाखांपर्यंत दंड, जामीन सहज नसता. कुठलं कलम बसतं ते फोटो कसले आहेत त्यावर, खरं पहिल्याच दिवशी कुणी वकील तुमच्याबरोबर असता तर निदान विचारलं असतं. वकील आरोपीलाच लागतो असं कुठाय?

आणि भाची १८ च्या आतली असती तर पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागला असता. तिथं बंद दाराआड साक्ष, आरोपी समोर दिसू द्यायचा नाही, त्याच्या वकिलानं प्रश्न जजना द्यायचे आणि जजनी मुलीला विचारायचे. १९-२० च्या मुलीला यातलं आपोआप काही मिळत नाही, ही चूक आहे हे मी मान्य करतो.

निपाणीचा_मास्तर
माझा एक माजी विद्यार्थी, नाव सांगत नाही. त्याच्या फोटोनं कुणीतरी फेक अकाउंट काढलं आणि शेजारच्या गावातल्या मुलीला घाण मेसेज केले. याला उचललं. २३ दिवस आत. कंपनीकडून आयपी लॉग (अकाउंट कुठल्या कनेक्शनवरून वापरलं त्याची नोंद) आले तेव्हा कळलं की मोबाईल नंबर दुसऱ्याचाच. सुटला, खरं ज्या दुकानात कामाला होता तिथं परत घेतलं नाही, लग्नाचं ठरलेलं मोडलं. त्याच्या आईनं मंगळसूत्र गहाण टाकून वकील दिला. तो वकील नसता तर लॉग मागवले तरी असते का कुणी?

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू, त्याच्याकडून महजरवर (पंचनाम्यावर) सही घेतली ती सगळी कन्नडमध्ये. पोरगा मराठी शाळेतला. काय लिहिलंय विचारलं तर "सही कर, मोबाईल जप्त केला एवढंच आहे". एफआयआर कन्नड, चार्जशीट कन्नड. १९५६ ला बेळगाव-निपाणी कर्नाटकाकडे गेल्यापासून हेच चाललंय.

वडगावचा_पावणा
झालं, आला भाषेचा मुद्दा! मास्तर, मुलींचा विषय चाललाय. सत्तर वर्षं झाली इथं राहून, कन्नड वाचायला शिकायला कुणी अडवलंय का? माझी बायको कन्नड शाळेत शिकवते, मी मराठी, आमचं काय बिघडलं? प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न आणायचा.

निपाणीचा_मास्तर
तुमच्या घरातलं कौतुक आहे. खरं सीमाप्रश्नावरचा महाराष्ट्राचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात अजून पडून आहे, लोक मेले वाट बघत, आणि तुम्ही "शिका" म्हणताय? अटकेत बसलेल्या पोरानं आधी बाराखडी गिरवायची आणि मग सही करायची का? बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालाची बाजू घेणारे असेच बोलतात.

वडगावचा_पावणा
मी कुणाचीही बाजू घेतली नाही. शब्द तोंडात घालू नका. वयानं मोठे आहात म्हणून गप्प बसतो.

कारकून_अण्णा
दोघंही थांबा जरा. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, आत्ता हातात काय आहे ते बघा. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याप्रमाणे कोर्टाची भाषा राज्य सरकार ठरवतं, ती कन्नड आहे, त्यावर वाद नको. खरं साक्षीदार ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत शक्य असेल तर साक्ष लिहायची, आरोपीला कळत नसेल तर भाषांतर करून सांगायचं, हे त्याच कायद्यात आहे. आणि ६ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं मिहीर शहा केसमध्ये सांगितलं की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेतच द्यायची. मास्तर, तुमच्या पोराच्या वेळी हे नव्हतं, आता आहे. पण कुणीतरी उभं राहून मागायला पाहिजे ना? मागत कोण, वकीलच.

पावणं, तुम्ही कन्नड शिका म्हणता ते चूक नाही, आमच्या ऑफिसात मी स्वतः कन्नड टायपिंग शिकलोय. पण अडचणीतल्या माणसाला ते त्या दिवशी सांगून उपयोग नाही.

वडगावचा_पावणा
बरं. अटकेच्या वेळेपुरतं मान्य. तेवढंच.

खानापूरची_लेक
मी कालपासून गप्प होते. तुमच्या भाषेच्या भांडणाचा राग आला होता, भाचीचं राहिलं बाजूला म्हणून. मग रात्री तिची तक्रार काढून शेजारच्या कन्नड येणाऱ्या काकूंना दाखवली. भाची मराठीत म्हणाली होती, "त्यानं माझ्या मोबाईलमधून फोटो घेतले." कागदावर लिहिलंय "कोट्टे". म्हणजे मी दिले. काकूंनी तीनदा वाचलं. खाली भाचीची मराठीत सही.

त्या वकिलानं "तूच दिलेस ना" विचारलं ते तिथूनच विचारलं. मी तीन वर्षं त्याला शिव्या घालतेय. शिव्या मागे घेत नाही, बापासमोर तसं विचारायची गरज नव्हती. खरं त्यानं कागद वाचला होता, आमच्या बाजूच्या कुणीच वाचला नाही.

कारकून_अण्णा
ताई, हे फार महत्त्वाचं आहे. साक्ष पूर्ण झाली की अजून बाकी आहे? बाकी असेल तर सरकारी वकिलांना आधीच भेटून सांगा, उलटतपासणी झाल्यावर फेरतपासणीत ते तिला विचारू शकतात की तू काय सांगितलं होतंस, कुठल्या भाषेत सांगितलंस, तुला वाचून दाखवलं का. तक्रारीची सर्टिफाईड कॉपी काढा. आणि मोबाईल परत मिळायला अर्ज करता येतो, आतला डेटा कॉपी करून घेतला असेल तर मोबाईल अडकवून ठेवायचं कारण नाही.

खानापूरची_लेक
उलटतपासणी अर्धी राहिलीय. पुढची तारीख मंगळवारी. सर्टिफाईड कॉपी सोमवारी काढायला येते. कन्नड नीट वाचून एकेक ओळ मराठीत लिहून देणारं कुणी पाहिजे, काकू घाबरतात कोर्टात यायला.

वडगावचा_पावणा
सोमवारी किती वाजता? बायकोला घेऊन येतो.