मदत हवी आहे: रेकॉर्डिंग सारखं सी ड्राइव्हलाच जातंय

शिरपूरकर
नवीन प्रोजेक्ट उघडला की ऑडिओ सी ड्राइव्हलाच सेव्ह होतो. सेटिंगमध्ये डी दिलंय, तरी ऐकत नाही. सी भरलाय. काल कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची, गाणी घेत होतो, आजी ऐन रंगात आल्या आणि डिस्क फुल म्हणून बंद पडलं. रविवारी सगळ्या बायका परत जमणार आहेत, त्याआधी सांगा. रीइन्स्टॉल कर म्हणू नका, करून झालंय.

कळण्याची_भाकर
भो, सॉफ्टवेअर कोनतं शे ते त सांग आधी!

पुण्यातला_जळगावकर
ऑडेसिटी असणार. एडिट, प्रेफरन्सेस, डिरेक्टरीज. तिथे टेम्पररी फाइल्सचा पत्ता डी चा द्या. प्रोजेक्ट सेव्ह करेपर्यंत सगळा आवाज त्याच फोल्डरमध्ये असतो. २०२१ च्या ३.० पासून वेगळं डेटा फोल्डर नाही, सगळं एका एयूपी३ फाइलमध्ये. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीच्या वर फाइल जाणार नाही, लक्षात ठेवा.

शिरपूरकर
ऑडेसिटी कोण म्हणालं? रीपर आहे.

पुण्यातला_जळगावकर
मग ऑडेसिटी घ्या ना. फुकट आहे आणि गाणी रेकॉर्ड करायला पुरते.

वायरमन_धुळे
झालं यांचं सुरू. माणसाला रस्ता विचारायचाय, तुम्ही गाडी बदला सांगताय. रीपर ६० दिवस तसंच वापरता येतं, नंतर वैयक्तिक परवाना ६० डॉलर. एवढं काही महाग नाही.

शिरपूरकर, "सेटिंगमध्ये डी दिलंय" म्हणजे नेमकं कुठे? रीपरमध्ये पत्ता दोन ठिकाणी असतो. आणि माइक किती, तेही सांगा.

शिरपूरकर
प्रेफरन्सेस, पाथ्स, डीफॉल्ट रेकॉर्डिंग पाथ. अजून कुठे असणार? माइक चार. सॅम्पल रेट ४८ हजार, २४ बिट.

वायरमन_धुळे
एका माइकला तासाला साधारण ५०० एमबी, म्हणजे चारांचे २ जीबी. रात्रभर जागरण घेतलं तर सी भरणारच.

तुम्ही दिलेला पत्ता फक्त तेव्हाच चालतो, जेव्हा प्रोजेक्टला स्वतःचा पत्ता नसतो आणि तो अजून सेव्ह केलेला नसतो. आल्ट-एंटर दाबा, प्रोजेक्ट सेटिंग्ज, मीडिया टॅब. तिथे पाथच्या रकान्यात काय लिहिलंय?

केळीबाग_रावेर
एवढं डोकं कशाला लावायचं? विंडोजमध्ये मकलिंक (mklink) नावाची कमांड आहे. सी मधल्या फोल्डरच्या जागी डी चं जंक्शन, म्हणजे डी कडे वळवणारं नावापुरतं फोल्डर टाका. रीपरला वाटेल सी मध्ये लिहितोय, जाईल डी ला. आमच्याकडे सगळं असंच चालतं.

वायरमन_धुळे
आणि उद्या तो डी बाहेरचा हार्डडिस्क निघाला आणि कोणी वायर काढली की? सरळ काम असताना आडवाट कशाला, दादा.

केळीबाग_रावेर
आमची वायर कोणी काढत नाही.

खापरावरची_पोळी
मला एक विचारायचंय, बायका बसून गातात तेव्हा पंखा बंद ठेवता का? मागच्या वेळी आम्ही भुसावळला मे महिन्यात पंखा बंद करून घेतलं, तर अर्ध्या बायका उठून ओट्यावर जाऊन बसल्या. माइक जवळ धरा, पंखा लांबचा चालू ठेवा, आवाज बरा येतो. आणि कानबाईचे रोट, म्हणजे प्रसाद, भाऊबंदांबाहेर देत नाहीत म्हणतात, तुमच्याकडे पण असंच का?

कळण्याची_भाकर
आमच्याकडे पण तसंच. पण धागा हार्डडिस्कचा शे ना भो?

शिरपूरकर
पंखा राहू द्या हो. मीडिया टॅबमध्ये सी:\गाणी लिहिलेलं आहे. मी लिहिलं नाही. खोडलं, डी दिलं, त्या प्रोजेक्टला चाललं. नवीन उघडला की परत सी!

वायरमन_धुळे
नवीन प्रोजेक्ट टेम्प्लेटवरून उघडतो का? प्रेफरन्सेस, प्रोजेक्ट इथे नवीन प्रोजेक्टसाठी एखादी फाइल दिलेली आहे का बघा.

शिरपूरकर
आहे. मित्राने बनवून दिलेली, चार ट्रॅक, नावं, रंग सगळं तयार. तिचा काय संबंध?

वायरमन_धुळे
सगळा संबंध तिचाच. टेम्प्लेट म्हणजे साधी प्रोजेक्ट फाइल, पत्ता तिच्या पोटात असतो. ती उघडा, मीडिया टॅबमधला पत्ता पुसा आणि नुसतं "ऑडिओ" असा एक शब्द लिहा. डी:\ वगैरे काही नको. मग प्रोजेक्ट जिथे सेव्ह कराल, तिथेच ऑडिओ नावाचं फोल्डर होईल. पूर्ण पत्ता दिलात तर पन्नास गाण्यांच्या फाइली एकाच ढिगात पडतील. टेम्प्लेट परत त्याच नावाने सेव्ह करा.

दुसरं, प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टखाली "नवा प्रोजेक्ट करताना सेव्ह विचारा" अशा अर्थाची खूण आहे, ती लावा. रेकॉर्डचं बटण दाबायच्या आधीच डी वर नाव पडेल. सेव्हच्या खिडकीत सबडिरेक्टरीवर टिक करा, म्हणजे प्रत्येक गाण्याला आपलं फोल्डर.

पुण्यातला_जळगावकर
ऑडेसिटीत एवढं नसतं. एक फाइल, कुठेही ठेवा.

वायरमन_धुळे
ठेवा तुम्ही.

शिरपूरकर
टेम्प्लेट बदललं, आता डी ला जातंय. मित्राला फोन करून दोन शब्द सांगितले. जुनी गाणी सी मध्ये पडलीत ती ओढून डी ला टाकू का?

वायरमन_धुळे
ओढू नका! एक्सप्लोररमधून हलवलं की प्रोजेक्ट उघडताना फाइली सापडत नाहीत म्हणून बसेल. प्रोजेक्ट उघडा, सेव्ह ॲज, डी, "सगळा मीडिया कॉपी करा" वर टिक. उघडून, वाजवून बघा, मगच सी मधलं पुसा. आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर रेकॉर्डिंग तिथे घेऊ नका, मधेच अपलोड सुरू होतो.

शिरपूरकर
बरं. आज रात्री करतो.

नंदुरबारी_पावरी
वरचं वाचलं नाही, पण ऑडेसिटी असेल तर एडिट, प्रेफरन्सेस, डिरेक्टरीजमध्ये जा, तिथे पत्ता बदलता येतो.

कळण्याची_भाकर
😂