मदत हवी आहे: कॉर्न डॉगचं पीठ सॉसेजवरून निसटतंय

रविवारी लेकीच्या वाढदिवसाला घरीच कॉर्न डॉग (काडीला टोचलेलं सॉसेज मक्याच्या पिठात बुडवून तळतात ते) करायचेत, पण तेलात सोडले की आवरण एका बाजूने सुटतं आणि सॉसेज उघडं पडतं. एक वाटी मक्याचं पिवळं पीठ (कॉर्नफ्लोअर नव्हे), एक वाटी मैदा, बेकिंग पावडर, ताक, मीठ, साखर असं घेतलंय. अंडं चालणार नाही. चिकन सॉसेज फ्रीजरमधून काढून पूर्ण वितळवले, पुसले, कोरड्या मैद्यात घोळवले. पीठ उंच ग्लासात भरून बुडवलं. तरी तेच! थर्मामीटर नाही, कढई लहान, त्यामुळे काडी बाहेरच राहते. नाशिकच्या थंडीत सॉसेज गारच असतात, त्याने फरक पडतो का? की पीठ भज्यांपेक्षाही घट्ट हवं? नेमकं किती?