गूगल अर्थवर तुम्हाला अचानक काय दिसलं? (अनुभव धागा)

वेशीबाहेरची
काल आईने पळसदेवचं देऊळ उजनीच्या पाण्यातून वर आल्याचा फोटो पाठवला आणि जुनी गोष्ट आठवली. तिचं माहेर त्याच धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा ती नववीत होती. मध्ये एकदा मी गूगल अर्थमध्ये मागल्या वर्षांची चित्रं दाखवणारी पट्टी सहज मागेपुढे करत होते. २०१६च्या दुष्काळातलं चित्र आलं, आणि एरवी नुसतं हिरवट पाणी असतं तिथे चक्क रेघा! घरांची जोती. बोळ. एक काळा गोल ठिपका. आईला हाक मारली. चष्मा शोधायचाही धीर नाही, नाक स्क्रीनला लावून म्हणाली, "ही विहीर. म्हणजे हा गोठा. इथून पुढे अक्काचं घर." कणकेच्या बोटाने अख्खी आळी दाखवली. पीठ अजून कीबोर्डच्या फटीत असेल.
तुम्हालाही असं काही सापडलं असेल तर लिहा.

तिसरी_शिट्टी
बाई गं, काटा आला. सविस्तर नंतर लिहिते, कुकर लावलाय.

गावठी_इंजिनियर
लोहगावजवळ एक विमान दिसलेलं, पण त्याला लाल-हिरव्या-निळ्या सावल्या! आधी वाटलं मोबाईल गेला. मग कळलं, उपग्रह हे रंग एकदम टिपत नाही, किंचित मागेपुढे टिपतो. घर हलत नाही म्हणून नीट येतं, विमान तेवढ्यात पुढे सरकलेलं असतं.

कडू_कारलं
आमच्याकडे नवरोबा सापडले. २०२२ला गूगलवर रस्त्यावरची चित्रं (स्ट्रीट व्ह्यू) आली, त्यात पुणे होतं, म्हणून आमचा चौक बघायला गेले. वडापावच्या गाडीसमोर आमची स्कूटर. डॉक्टरांनी तळकट बंद केलं होतं हो! चेहरा पुसट, नंबर पुसट. पण डिकीवरचं 'आईची कृपा' कोण पुसणार?

गावठी_इंजिनियर
😂😂 सासूबाईंनीच पकडून दिलं म्हणायचं.

कडू_कारलं
आणि वर म्हणतात, "तो मी नव्हेच." स्टँडवर एक पाय टेकवून उभं राहायची ती तऱ्हा आळीत आणखी कोणाची आहे?

सिन्नरकर
आमच्याकडे वरून बघा, सगळीकडे निळे चौकोन. पाहुणा म्हणाला एवढे स्विमिंग पूल? म्हटलं शेततळी आहेत बाबा, पोहायला उतरलास तर तळाचा प्लास्टिकचा कागद फाटेल.

माळरान
@सिन्नरकर कागद किती मायक्रॉनचा टाकलात? आमचा तीन वर्षांत गेला.

सिन्नरकर
५००. खाली खडे नीट वेचले का? आणि उंदीर बघा, कडेने कुरतडतात.

बुलढाण्याची_लेक
लोणार!! वरून बघितल्याशिवाय त्याचा गोलपणा कळतच नाही. काठावर उभं राहिलं की नुसती दरी वाटते. जवळपास १.८ किमी व्यास, बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा उपग्रहाच्या चित्रातही रंग दिसला होता. गावात कोणी काय, कोणी काय सांगत होतं. मग पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, खारट पाण्यातले सूक्ष्मजीव निघाले. लॉकडाऊनमुळे जाता येईना, माहेर असं मोबाईलवर बघितलं.

सातासमुद्रापार
इथे ॲरिझोनात टूसॉनला वाळवंटात विमानांच्या रांगाच रांगा दिसतात, पेटीत आंबे लावल्यासारख्या. लष्कराची निवृत्त विमानं. शस्त्रकपातीच्या करारात बी-५२ बॉम्बफेकी विमानं कापून तुकडे तसेच उघड्यावर ठेवले, रशियाच्या उपग्रहांना मोजता यावेत म्हणून. भारतातून बाबा आले होते, त्यांना नकाशावर दाखवलं. ते म्हणाले, "भंगारवाल्याला किलोने काय भाव देतात?"

नकाशेबाज
मला उलटा अनुभव, असलेलं नसलेलं निघालं. न्यू कॅलेडोनिया आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्ये सँडी बेट म्हणून काळा लांबट डाग होता. २०१२ला ऑस्ट्रेलियाचं संशोधन जहाज तिथे गेलं तर नुसता समुद्र, तोही हजार मीटरहून खोल! मग नकाशावरून काढलं. आधी बघून ठेवलं होतं म्हणून उगाच चुटपुट लागली.

कडू_कारलं
आमच्या सोसायटीच्या बिल्डरने दाखवलेली बाग तिथेच असेल.

तिसरी_शिट्टी
आले. कुकरच्या नादात काय लिहिणार होते तेच विसरले. @वेशीबाहेरची आईंना देवळाचा फोटो बघून काय वाटलं?

वेशीबाहेरची
फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाली, "ह्याच्या पलीकडे आमचं बोरीचं झाड होतं. ते दाखव." ते कसं दाखवू!

माळरान
@सिन्नरकर उंदरांचंच काम दिसतंय. कडेचा फोटो टाकतो, बघा जरा.