प्रशिक्षण पुरे नाही, कारागृहाच्या दाराबाहेरचा पहिला महिना पाहा

काहींचं म्हणणं असतं की नाशिकरोड कारागृहात कैदी पैठणी विणतात, गणेशमूर्ती घडवतात, म्हणजे सुटल्यावर पोटापाण्याची सोय झालीच. ते काम चांगलंच आहे, पण ते मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी असतं. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले, होते. जामिनावर किंवा निर्दोष सुटणाऱ्याच्या हाती बहुतेकदा ना कौशल्य असतं, ना कागद.

आणि खरी गाठ कागदांचीच. आधार हरवलेलं, खोली सुटलेली, त्यामुळे पत्त्याचा पुरावा नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपन्यांत कंत्राटी कामालाही पोलीस पडताळणी मागतात, मग निर्दोष सुटलेल्यालाही जुना गुन्हा आडवा येतो. अशा वेळी ठेकेदाराशी समोरासमोर बोलणारा, भावाला 'याला चार दिवस तरी घरात घ्या' म्हणून पटवणारा कार्यकर्ता लागतो. हे काम सुटकेच्या आधीच, आत जाऊन सुरू करावं लागतं. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून ते करतोय.

बायकांचं तर आणखी अवघड. पुरुषाला घर निदान कुरकुरत घेतं, बाईला माहेर-सासर दोन्ही बंद होतात, आणि मुलं कुणाकडे आहेत हेही तिला कधी कधी शोधावं लागतं.

आपल्याकडे नाशिकला एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मुलं दरवर्षी क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सरावाला, बाहेर पडतात. त्यातली दोघं-तिघं जरी वर्षभर कारागृह आणि जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांचं कार्यालय यांच्यात दुवा म्हणून नेमता आली, तर सुरुवात होईल. समाजकार्य महाविद्यालयात कुणाची ओळख असेल तर कृपया इथे लिहा, मी सोबत यायला तयार आहे.