मदत हवी आहे : दिव्यांग अनुदान चालू असताना अर्धवेळ नोकरी आणि शिक्षण, अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे

नमस्कार.

मी कुर्ल्याला आईसोबत राहते. माझे वय तेहेतीस आहे. सात वर्षांपूर्वी मला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या ज्या एकवीस प्रकारांना मान्यता दिली आहे त्यांत हा आजार येतो, त्यामुळे मला ५२ टक्क्यांचे प्रमाणपत्र आणि पिवळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळाले, आणि त्याच्या आधारावर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे गेली काही वर्षे माझ्या खात्यात जमा होत आहेत. सुरुवातीला महिन्याला एक हजार होते, मग दीड हजार झाले आणि ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी अडीच हजार झाले. आई घरीच साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. आमच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर वर्षाचे ३६,००० रुपये आहेत आणि ते खरे आहेत.

घराजवळच्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेण्याचे काम मला देऊ केले आहे. वेळ सकाळी आठ ते बारा, पगार महिना ६,५०० रुपये. आजारपणामुळे आधीची नोकरी सुटल्यानंतर माझ्या तब्येतीला झेपेल असे काम पहिल्यांदाच समोर आले आहे, कारण मला रोज सकाळचेच तीन-चार तास धड मिळतात. दुपारनंतर पाय जड होतात, आणि मे महिन्यात उन्हातून स्टेशनचा पूल चढले की डाव्या डोळ्यासमोर धुके येते, जे सावलीत वीस मिनिटे बसल्यावर हळूहळू निवळते. हे आळसाने होत नाही, या आजारात शरीर तापले की नसांचे काम मंदावते, हे मला नातेवाइकांना अजूनही समजावून सांगावे लागते.

आता अडचण सांगते. निराधार योजनेत दिव्यांग अर्जदारासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. आईचे ३६,००० वजा केले तर माझ्या वाट्याला वर्षाला १४,००० उरतात, म्हणजे महिन्याला अकराशे सहासष्ट रुपये. मुंबईत इतक्या पगाराची नोकरी कोणती असेल? वाचनालयाचे काम घेतले तर वर्षाचे ७८,००० आणि आईचे धरून १,१४,००० होतात. मर्यादा दुपटीहून अधिक ओलांडली जाते आणि वर्षाचे ३०,००० रुपयांचे अनुदान बंद होते. आमची शिधापत्रिका केशरी आहे आणि प्राधान्य कुटुंब म्हणून दोघींना मिळून महिन्याला दहा किलो धान्य मोफत मिळते. शहरी भागात त्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा ५९,००० आहे, तीही ओलांडली जाऊन धान्य बंद होईल. एक लाखाच्या पुढे गेल्यावर शिधापत्रिकाच पांढरी होते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आता सर्व रंगांच्या शिधापत्रिकांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी लागू आहे, एवढ्या एका बाबतीत मनाला आधार वाटतो.

कोणी म्हणेल की वर्षाचे ३०,००० गेले तरी ७८,००० येत आहेत, मग प्रश्न कुठे आहे? हिशेब बरोबर आहे, आणि माझा आजार दर महिन्याला सारखा राहिला असता तर मी हे लिहिलेच नसते. पण तो सारखा राहत नाही. दीड वर्ष काही होत नाही, आणि मग एके सकाळी उठल्यावर उजवा हात चहाचा कप धरत नाही, स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन पाच दिवस रुग्णालयात राहावे लागते आणि पुढचे दोन-तीन महिने घरात जातात. माझी मागची नोकरी अशाच वेळी गेली. ती खाजगी कंपनी होती. रजा संपल्यावर मला दूरध्वनीवरून सांगण्यात आले की आता येण्याची गरज नाही. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही ही तरतूद सरकारी आस्थापनांसाठी आहे हे मला नंतर कळले. वाचनालयातील मंडळी तशी नाहीत, पण त्यांनाही सहा महिने रिकाम्या खुर्चीचा पगार देणे परवडणार नाही. त्या वेळी माझ्याकडे नोकरी नसेल आणि अनुदानही नसेल, आणि पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज, पुन्हा समितीची मंजुरी असे सगळे पहिल्यापासून करावे लागेल. पहिल्या वेळी मला त्यात अकरा महिने लागले होते आणि त्यांतील बहुतेक फेऱ्या आईने मारल्या होत्या.

तहसील कार्यालयाबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या एकाने सल्ला दिला की पगार रोखीने घ्या आणि दाखल्यावर जुनाच आकडा राहू द्या. हा मार्ग मला नको आहे. हे वाचनालय शासनाचे अनुदान घेते, त्यामुळे तेथील प्रत्येक पगार वहीत आणि बँकेत दिसला पाहिजे, आणि माझ्यामुळे त्यांच्या हिशेब तपासणीत खोट निघावी असे मला मुळीच वाटत नाही. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला देताना जी सही मी करते, ती खोट्या आकड्याखाली करायला माझा हात उठणार नाही. तेव्हा कृपया या प्रकारचा सल्ला येथे देऊ नये, ही विनंती.

मला विचारायचे आहे ते असे. नोकरी लागल्याचे स्वतःहून लेखी कळवून, अनुदान कायमचे रद्द न करता थांबवावे अशी विनंती आपल्यापैकी कोणी तहसील कार्यालयाकडे केली आहे का? केली असल्यास अर्ज कोणत्या शब्दांत लिहिला, पोच मिळाली का, आणि नोकरी सुटल्यावर जुन्याच प्रकरणावर पैसे पुन्हा सुरू झाले की नवे प्रकरण करावे लागले? विशेषतः मुंबई उपनगर जिल्ह्यातील अनुभव मिळाला तर फार उपयोग होईल.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. वाचनालयात पुढे टिकायचे तर ग्रंथालयशास्त्राची पदवी हवी, असे तेथील कार्यवाहांनी मला आपुलकीने सांगितले. मी बी.ए. आहे. रोज वर्गात बसणे शक्य नाही, म्हणून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाचा विचार करते आहे. अभ्यासाची मला भीती वाटत नाही, परीक्षेची वाटते. पहिल्या पानावर माझे अक्षर सरळ असते, चौथ्या पानावर वेलांट्या ओळीबाहेर जातात आणि अनुस्वार भलत्याच अक्षरावर पडतात. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिक आणि दर तासाला वीस मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांची प्रश्नपत्रिका चार तासांची होते. पण माझ्यासारख्याला चार तास बाकावर बसणे हीच शिक्षा आहे. मला जादा वेळापेक्षा मध्ये पंधरा मिनिटे आडवे होता आले तर हवे आहे. अशी सवलत कोणी मागून घेतली आहे का, आणि परीक्षा केंद्राला किती आधी कळवले होते?

पुरवणी, चार दिवसांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. मुंबई महानगरपालिकेच्या धर्मवीर आनंद दिघे दिव्यांग अर्थसहाय्य योजनेविषयी ज्या ताईंनी लिहिले त्यांचे विशेष आभार, कारण ती योजना फक्त निळ्या कार्डासाठी, म्हणजे ८० टक्के आणि त्यावरील दिव्यांगत्वासाठी आहे असे मी इतके दिवस समजत होते. पिवळ्या कार्डालाही महिन्याला एक हजार या हिशेबाने सहा महिन्यांचे सहा हजार मिळतात हे वाचून मी आईला हाक मारून दाखवले. नोकरी लागल्यानंतरही ते पैसे चालू राहिले असा कोणाचा अनुभव असेल तर तो जरूर लिहावा.

ताई, आपण विचारलेत की वाचनालयाला दोनच तासांचे काम देता येईल का. मी काल विचारले. कार्यवाह देण्यास तयार आहेत, पण दोन तासांचा पगारही महिन्याला तीन हजारांच्या वर जातो, म्हणजे मर्यादा ओलांडली जातेच. अनुदान दोन्हीकडून जाणार असेल तर चार तासांचे काम घेतलेले बरे, असे माझे मत झाले आहे.

तहसील कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यात आजाराचे स्वरूप, मागील पाच वर्षांतील तीन झटक्यांच्या तारखा आणि नोकरी सुटल्यास त्याच प्रकरणावर पुनर्विचार व्हावा ही विनंती, एवढेच आहे. रुग्णालयातून सुटी मिळाल्याची कागदपत्रे सोबत जोडावीत की मूळ प्रमाणपत्राची प्रत पुरेशी आहे, हे कोणी सांगू शकेल का? वाचनालयाला मला महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. मी सकाळीच लिहू-वाचू शकते, त्यामुळे दुपारी आलेल्या प्रतिसादांना दुसऱ्या दिवशी उत्तर देईन.